शाळेच्या व्हरांड्यातली माझी झोप

माझ्या मुलीच्या वर्गात मी हात वर केला आणि उत्तर चुकलं.

वर्ग सहावीचा. विषय भूगोल. मी मागच्या बाकावर, गुडघे बाकाखाली अडकलेले, डोळ्यांत अख्खी रात्रपाळी. बाईंनी विचारलं, दिवसभरात समुद्राला भरती किती वेळा येते? वर्ग गप्प. ती शांतता मला सोसवेना आणि माझा हात आपोआप वर गेला. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. पालकाला 'हात खाली' म्हणायची कुठल्याच शाळेत सोय नाही. त्या म्हणाल्या, "हं... बोला."

"एकदा," मी ठणठणीत आवाजात सांगितलं.

माझ्या मुलीच्या शेजारी बसणारी, किनाऱ्यावरच्या आगर गावातल्या मच्छीमाराची मुलगी मागे वळली आणि आजारी माणसाची समजूत घालावी तशी हळू आवाजात म्हणाली, "काका, दोनदा."

पुढचं हसू बाहेरच्या फणसावरच्या कावळ्यांनाही ऐकू गेलं असणार, कारण ते उडाले. माझ्या मुलीने कपाळ बाकावर टेकवलं ते तास संपेपर्यंत उचललं नाही.

आता डहाणूत राहणारा माणूस, घराच्या गच्चीवरून समुद्र दिसतो, आणि म्हणतो एकदा! पण माझी बाजू ऐका. संध्याकाळी कामावर निघताना मला कधी पाणी चढलेलं दिसतं, कधी उतरलेलं. दिवसा जे काही चाललेलं असतं तेव्हा मी झोपेत असतो. माझ्यापुरता समुद्र अर्धवेळ नोकरीवर होता. शिवाय माझा हेतू उदात्त होता. मुलीला धीटपणा शिकवायचा होता. बाप बिनधास्त हात वर करतो हे बघून तिला हुरूप येईल, असं मला वाटलं होतं. तिला काय आलं ते तिच्या कपाळावर बाकाच्या कडेचा वळ होऊन उमटलं.

पण सहावीच्या वर्गात मी करत काय होतो, ते आधी सांगायला हवं.

मी रेल्वेत आहे. वाणगाव स्टेशनावर रात्रपाळीचा स्टेशन मास्तर. रात्रभर जागं राहण्याचा मला पगार मिळतो. कुठली मालगाडी किती उशिरा गेली हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, अशी माझी ऐट आहे. अडचण एवढीच की मला झोपेतून उठवणं जमत नाही कुणाला. रात्रपाळी मी मागून घेतलेली. बायको तलासरीच्या पंचायत समितीत. सकाळी एसटीने जाते ती दिवेलागणीला येते. मुलगी शाळेतून परतेल तेव्हा घरात कुणीतरी असावं, म्हणून मी रात्री विकल्या आणि दिवस विकत घेतले. सहकाऱ्यांनी मला देवमाणूस म्हणून रात्रपाळ्या आनंदाने दिल्या. मी सकाळी जिना चढायचो, मुलगी दप्तर घेऊन उतरायची. मधल्या पायरीवर आमची भेट. ती म्हणायची, "चहा झाकून ठेवलाय," मी म्हणायचो, "डबा घेतलास?" आणि मी वर जाऊन आडवा व्हायचो.

शाळा सिस्टरांची. डहाणूहून तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिकूच्या वाड्या संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात तिथे. आवारात शिंपले बसवलेल्या कोनाड्यात मेरीमातेची मूर्ती, तिच्या पायाशी रोज कुणीतरी ठेवलेली अबोली किंवा जास्वंद. मागे पाड्यांवरच्या मुलींचं वसतिगृह. सकाळच्या प्रार्थनेला गुजराती, मराठी, वारली घरांतली पोरं एकाच सुरात गातात आणि मधल्या सुट्टीत आपापल्या भाषेत भांडतात. आमची मुलगी पाचवीपासून तिथे. रमली होती. आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस शाळेच्या फाटकाशी तिच्या पोटात दुखायला लागलं.

मग ते रोजचं झालं. घरातून नीट निघायची, फाटकाशी पोट धरून बसायची. कधी आत जायची आणि तासाभरात शाळेचा फोन यायचा. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण बेन म्हणाल्या, "नजर लागी छे," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. बायको म्हणाली, डबा नीट खात नाही. माझं निदान अर्थातच सर्वांत भारी होतं: गणित. मला स्वतःला सहावीत गणितामुळे पोटात दुखायचं, त्यामुळे हे आनुवंशिक आहे अशी माझी खात्री. मी गणिताच्या बाईंना जाऊन भेटलो आणि मुलगी तुम्हाला घाबरते असं तोंडावर सांगून आलो. त्या बाई चोवीस-पंचवीसच्या, त्यांनाच रडू फुटलं. नंतर कळलं, गणितात तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते.

घरात एक वाक्य फिरायला लागलं. बायको पोळ्या लाटताना ते म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची: "नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही तर जव्हारला आईकडे ठेवते तिला. तिथे घरासमोर शाळा आहे." मुलगी दप्तर भरत बसायची. आणि मी, म्हणजे ज्याला कुठल्याही विषयावर बोलता येतं तो मी, ताटातल्या भाताकडे बघत बसायचो. मुलगी जव्हारला गेली तर मधल्या पायरीवर कुणी नसणार, एवढंच मनात यायचं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका, वसईकडच्या, मराठी आपल्यापेक्षा चोख. त्यांच्या खोलीत फिनेलचा आणि उदबत्तीचा मिळून एक वास असतो. त्या म्हणाल्या, "मूल अर्धा दिवस तुमचं, अर्धा दिवस आमचं. मधला जो रस्ता आहे ना, तिथे ते एकटं पडतं. त्या रस्त्याने जरा तुम्ही आत या, जरा आम्ही बाहेर येतो."

मला वाटलं आता वर्गणी मागतात. त्या मागत होत्या ते वेगळंच. दोघांपैकी एकाने रोज पहिल्या तासाला वर्गात मागे बसायचं. या शाळेची ही जुनी रीत आहे म्हणे. मूल बिथरलं की घरचं माणूस वर्गात आणून बसवायचं. पाड्यावरची एक आजी महिनाभर पहिलीच्या वर्गात बसली होती, आणि नातवाबरोबर तिलाही अक्षरं ओळखता यायला लागली होती.

"नियम एकच," सिस्टर म्हणाल्या. "बोलायचं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत माझ्याविषयी जो अविश्वास होता तो पुढे सार्थ ठरला, हे तुम्हाला माहीतच आहे.

सुरुवातीचे दिवस मात्र सोन्याचे होते. पहाटे ड्यूटी संपवून मी वाणगावहून डहाणूला यायचो, स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा पकडायचो आणि झोपेच्या काठाकाठाने शाळेत पोचायचो. खाचरांवर धुकं असायचं. कापलेल्या भाताचा ओलसर वास रिक्षात शिरायचा. प्रार्थना चालू असताना मी मागच्या रांगेत उभा राहायचो आणि ती पोरं डोळे मिटून गायला लागली की मला वाटायचं, ही सगळी शाळा हळूच जमिनीपासून सुटून वर तरंगतेय, कोनाड्यातल्या मूर्तीसकट, फणसासकट, आणि मी तेवढा खाली उरलोय हातात हिरवा झेंडा घेऊन. मग कुणीतरी मला कोपराने ढोसायचं. "काका, चला. संपली."

आणि नवल म्हणजे मुलीचं पोट दुखत नव्हतं. पहिल्या तासाला ती सरळ बसायची. मधून एकदा मागे वळून माझ्याकडे बघायची, मी भुवया उडवायचो, ती तोंड फिरवायची. मी फुगलो. माझ्या नुसत्या सहवासाने मूल बरं होतं! स्टेशनावर जाऊन रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला सांगितलं, बापाचं अस्तित्व म्हणजे औषध असतं बाबा. तो म्हणाला, "साहेब, मग दुसऱ्या तासाला शाळेतून फोन का येतो?"

तेही खरं होतं. पहिला तास संपला की मी घरी झोपायला निघायचो, आणि मी घरी पोचेपर्यंत फोन वाजायचा: पोटात दुखतंय, घेऊन जा. मी त्याचाही अर्थ माझ्याच बाजूने लावला. औषधाचा डोस कमी पडतोय.

अशातच तो भरतीचा प्रसंग घडला आणि मोठ्या सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं. मी शाळकरी पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिलो.

"नियम काय होता?"

"बोलायचं नाही."

"मग?"

"मी हात वर केला होता, सिस्टर."

त्यांनी हसू गालात दाबलं, ते मला दिसलं. बसा म्हणाल्या. चहा आला. समोर चहा आणि ऐकणारं माणूस, एवढं मिळालं की माझं काय होतं हे माझ्या नातेवाइकांना विचारा. ओशाळलेपणा लपवायला मी गोष्टी सांगायला लागलो. माझ्या फजितीच्या गोष्टी माझ्याइतक्या चांगल्या कुणालाच सांगता येत नाहीत. त्यातली त्या वेळची माझी लाडकी गोष्ट होती माझ्या झोपेची. बोर्डीच्या एका लग्नात ती मी मांडवभर ऐकवली होती, स्टेशनावर नवीन माणूस आला की ती त्याला स्वागताला मिळायची. सिस्टरांनाही मी ती दिली, हातवाऱ्यांसकट.

म्हणालो, "सिस्टर, एकदा काय झालं, मी ड्यूटीवरून आलो, आतून कडी घातली आणि झोपलो. त्या दिवशी शाळा लवकर सुटली. ही आली, दार वाजवतेय, वाजवतेय. मी कुठला उठतोय! फोन उशाला, तो वाजून वाजून थकला. खालच्या बेन आल्या, त्यांनी हाका मारल्या. शेजारचे आले. कुणी म्हणतंय दार फोडा, कुणी म्हणतंय पोलिसांना बोलवा. शेवटी वाडीतला नारळ काढणारा आला. तो खिडकीजवळच्या माडावर चढला आणि तिथून त्याने काय करावं? नारळाची कोवळी बोंडं तोडून खिडकीतून माझ्यावर फेकायला सुरुवात केली. एक गादीवर, एक भिंतीवर, आणि एक नेमकं बेंबीवर! मी डोळे उघडले तर खिडकीत आकाशात माणूस, हातात कोयता. मला वाटलं यमाने गणवेश बदलला!"

इथे सगळे हसतात. मी थांबलो, कारण इथे थांबायचं असतं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुलगी कुठे होती?"

"दाराशी."

"किती वेळ?"

मालगाड्यांच्या मिनिटांचा हिशोब ठेवणारा मी, आणि माझी मुलगी त्या बंद दाराबाहेर किती वेळ उभी होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. गोष्टीत त्याची गरज पडली नव्हती.

"हे कधीचं?"

"दिवाळीच्या..." म्हणालो, आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. "दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीचं."

बाहेर कुठल्या तरी वर्गात बे एके बे चाललं होतं. चहावर साय धरली. सिस्टर म्हणाल्या ते एवढंच, "मला विचारू नका, तिला विचारा. आणि विचारताना गोष्ट सांगू नका."

त्या संध्याकाळी मी तिला किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांखाली बसलो. समोर ओहोटीचं पाणी पार लांब गेलेलं, ओल्या वाळूत आकाश पडलेलं, आणि त्या आकाशातून दोन-तीन बायका शिंपल्या वेचत चाललेल्या. उकडलेल्या शेंगांचा पुडा आमच्या मधे. ती शेंगा सोलत होती आणि दाणे न खाता टरफलाशेजारी मांडत होती.

"पोटात दुखतं ते नेमकं कधी गं?" मी विचारलं.

"दुसऱ्या तासाला."

"आणि मी वर्गात यायचो नाही तेव्हा?"

"फाटकाशी."

"दुसऱ्या तासाला काय असतं? विज्ञान?"

"तुम्ही झोपता तेव्हा," ती म्हणाली.

मला पटकन एक विनोद सुचला. तो मी गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असेन, कारण घशात अडकला.

मग ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, दाणे मांडत. म्हणाली, मला कळतं ना, आता बाबा रिक्षातून उतरले. आता जिना चढले. आता कडी घातली. आता आडवे झाले. आणि मग मला पुढचं काही कळत नाही. "त्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होते. तुमचा हात पलंगाखाली लोंबत होता. मी हाका मारल्या तरी तो हलत नव्हता. बेन काकू रडायला लागल्या. सगळे म्हणत होते हिला खाली न्या, हिला खाली न्या."

"अगं, पण मी तर..."

"आणि तुम्ही ते सगळ्यांना हसत सांगता. मी तिथेच असते."

शिंपल्या वेचणाऱ्या बायका लांब जाऊन ठिपके झाल्या. मी तिला जवळ घ्यायला गेलो, तर पुडा माझ्याच मांडीखाली चुरडला. बाप म्हणून माझी हालचाल नेहमी अशीच असते. पण तिने डोकं माझ्या दंडाला टेकवलं आणि मग तिने दाणे खायला सुरुवात केली.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, हातवाऱ्यांशिवाय. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दिवसपाळी घ्या." मी दुसऱ्या दिवशी अर्ज केला. पण ज्यांनी मला देवमाणूस म्हणून रात्रपाळ्या दिल्या होत्या त्यांना माझ्यातला देव एवढ्या लवकर विसर्जित करायचा नव्हता. नव्या वर्षात बघू, असं उत्तर आलं. नाताळ तर महिन्यावर आलेला.

मार्ग मोठ्या सिस्टरांनीच काढला. म्हणाल्या, "झोपायला घरी कशाला जाता? इथेच झोपा."

मला वाटलं थट्टा करतायत. पण सिस्टर थट्टा करत नाहीत, त्यांना ती झालेली चालते एवढंच. सहावीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात एक लांबलचक लाकडी बाकडं आहे. भेटीच्या दिवशी पाड्यांवरून आलेले आईबाप त्यावर बसतात. मुलीची जागा बदलून तिला खिडकीशी बसवलं. खिडकीतून बाकडं समोर दिसतं. मी तिथे मधल्या सुट्टीपर्यंत झोपायचं, मग हवं तर घरी जायचं. सिस्टरांनी वसतिगृहातून एक उशी दिली. अभ्र्यावर निळ्या दोऱ्याने मासा भरलेला होता.

त्या बाकड्यावर मी जी झोप काढली तशी पुन्हा मिळाली नाही. डोळे मिटले की शाळा माझ्या आत यायची. पाढे मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जात राहायचे, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, आणि मी त्यांना हिरवा झेंडा दाखवत उभा. मोठ्या सिस्टर पांढऱ्या साडीत रुळांवरून चालत यायच्या आणि म्हणायच्या, भरती आली, गाडी थांबवा. प्लॅटफॉर्मवर पाणी चढायचं, कोमट, चिकूच्या रंगाचं, आणि त्यात दप्तरं तरंगत असायची. मला भीती वाटायची नाही. कुठेतरी खिडकीत कुणीतरी माझ्याकडे बघतंय हे मला झोपेतही माहीत असायचं. लहानपणी आई रात्री कंदील घेऊन डोकावून जायची तेव्हा पापण्यांवरून जो उजेड सरकायचा, तसं काहीतरी माझ्यावरून तासातासाला सरकून जायचं. तो माझ्या मुलीचा डोळा होता.

व्हरांड्याच्या टोकाला नाताळसाठी येशूजन्माचा गोठा उभा राहत होता. मुलं पाड्यावरून नव्या भाताचा पेंढा आणत होती. त्या पेंढ्याच्या वासाने माझी झोप आणखी खोल गेली. शाळेची झाडलोट करणारी मावशी रोज माझ्याभोवती झाडू फिरवायची आणि पोरांना म्हणायची, "गोठ्यात बाळ आणायला बाजारात कशाला जाता? हे उचला आणि ठेवा. घोरतंय, पण बाळच आहे."

एक दिवस डोळे उघडले तर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसलेली. तलासरीपलीकडच्या पाड्यावरची, वसतिगृहातल्या मुलीला भेटायला आलेली, मांडीवर पानांत बांधलेलं काहीतरी. तिने माझी उशी बघितली, माझे बाकड्याखाली काढून ठेवलेले बूट बघितले.

"तुमची पोर पण इथेच ऱ्हाते का, दादा?"

"नाही," मी जांभई देत म्हणालो. "पोर घरून येते. इथे मीच असतो."

तिने विचार केला. मग पानांतली एक भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. वसतिगृहात राहणाऱ्याला घरचं खावंसं वाटतं, एवढं तिला ठाऊक होतं. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. भाकरी गरम नव्हती, पण फार चांगली होती.

मुलीचं दुखणं गेलं असं एका दिवशी झालं नाही. आधी शाळेचे फोन बंद झाले. मग फाटकाशी बसणं थांबलं. दर तासाला दिसणारी तिची मान दोन तासांनी एकदा वळायला लागली. घरी मी झोपताना कडी घालत नव्हतो, दार नुसतं ओढून लॅच लावलेलं. एक किल्ली खाली बेनकडे, एक तिच्या दप्तरात. झोपेची ती गोष्ट मी सांगणं सोडलं. स्टेशनावर नवीन माणूस आला, पॉइंट्समन म्हणाला, साहेब, ती नारळाची सांगा ना, तर मी म्हणालो, विसरलो. जव्हारचं नाव पोळ्या लाटताना निघेनासं झालं.

म्हणजे सगळं छान चाललं होतं. आणि छान चाललेलं असलं की माझ्यासारख्याला खाज सुटते.

नाताळच्या सुट्टीच्या थोडं आधीची गोष्ट. गोठ्यावर चांदणी टांगली जात होती. मला जाग आली आणि मी एक डोळा किलकिला करून खिडकीकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मी वाट बघितली. तास बदलला. तरी नाही. आगरची ती मुलगी तिच्या कानात काहीतरी सांगत होती आणि माझी मुलगी तोंडावर वही धरून हसत होती, खांदे हलेपर्यंत हसत होती. दिवाळीनंतर मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. आता शहाण्या बापाने काय करावं? देवाचे, म्हणजे तिथे उपलब्ध असलेल्या सगळ्या देवांचे, आभार मानावेत आणि कूस बदलावी.

मला राग आला. खरं सांगतो, अगदी लहान, आंबट राग. इतके दिवस मी या लाकडावर पाठ झिजवतोय आणि आता बघायचंही नाही?

म्हणून मी श्वास रोखला.

हे करू नये. हे तेव्हाही मला कळत असणार, पण कळणं आणि मी यांच्यात नेहमी एक स्टेशनाचं अंतर असतं. मी हात बाकड्याखाली सोडला, लोंबता. पोट स्थिर केलं. पापण्यांच्या फटीतून खिडकी दिसत होती. मुलीने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. मी हललो नाही. तिने बघितलं, नीट बघितलं, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

ती उठली नाही. ओरडली नाही. पोट धरलं नाही. पेन्सिलीला टोक काढायला लागली.

माझा श्वास एकदम सुटला तो खोकला, ठसका आणि शिंक यांचं मिश्रण होऊन. मी बाकड्यावरून घसरलो आणि पेंढ्याच्या भाऱ्यावर बसलो. चांदणी टांगणारी मावशी स्टुलावरून म्हणाली, "अरे देवा." वर्गातून बाईंचा आवाज थांबला. खिडकीत सगळ्या सहावीची तोंडं गोळा झाली.

मधल्या सुट्टीत मुलगी बाहेर आली. मी केसांतला पेंढा काढत होतो. तिच्यामागे आगरची मुलगी, हाताची घडी घालून, साक्षीदारासारखी.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं. लाज तर वाटतच होती, पण उत्तरही हवं होतं.

"नाही."

"अगं, पण मी हलत नव्हतो. हात लोंबत होता."

"तुम्ही खरे झोपलात की तोंड उघडं असतं, लाळ येते आणि डावा पाय उडतो. आज तोंड बंद होतं." तिने माझ्या खांद्यावरची एक काडी उचलली आणि उशी माझ्या हातात दिली. "बाबा, तुम्हाला धड खोटं झोपताही येत नाही. घरी जा."